कारल्याचा वेल आणि भावेश

सालवड, बोईसर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

तुझ्या पाया पडते. बाबांचा खोकला आता थांबला असेल. आम्ही इकडे बरे आहोत. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू लगेच "काय झालंय?" म्हणतेस, म्हणून या वेळी लिहितेय.

आधी चांगली बातमी. खोलीमागच्या जमिनीच्या तुकड्यात कारली अशी लगडलीत की सगळी चाळ खातेय! पण मध्ये वेल हातचा जाणार होता. कोवळी कारली वाकडी होऊन पिवळी पडायला लागली. शेजारची सपना म्हणाली, "फळमाशी हाय." मी चिरून बघितलं, आत अळी नव्हती. मग देठापाशी एक लांबट, तपकिरी किडा दिसला. मागच्या पायांना पानासारखी चपटी पट्टी. आपण जवळ गेलो की वेलाच्या पलीकडे सरकतो. सोंड खुपसून फळातला रस पितो मेला. अंडी पानाच्या शिरेवर ओळीने घातलेली, माळेतल्या मण्यांसारखी.

औषध मारायचं नव्हतं, फुलांवर मधमाश्या येतात. सकाळच्या गारठ्यात हे किडे सुस्त असतात. तेव्हाच साबणाच्या पाण्यात झटकायचे. पण एक धरावा तर दुसरा भुर्रकन उडतो. मी भावेशला म्हटलं, "मला एकटीला नाय जमत. तू टोप धर."

आई, तुझा जावई तेव्हा घरीच होता. गणपतीला आलो नाही, तुला शिफ्टचं कारण सांगितलं, ते खरं नव्हतं. कंपनीत मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवतानाही तो हात मांडीखाली दडवायचा.

त्या सकाळी उठला. टोप पोटाशी धरून डाव्या हाताने किडे झटकू लागला. काही दिवसांनी बघते तर उजव्या हाताने पान उलटं धरून अंडी खरवडतोय. एकदा मीच एक किडा झटकायला गेले तर ओरडला, "तो नको! पाय बघ त्याचे, साधे हायत. काल अळी खाताना बघितला मी त्याला. तो आपल्यातला हाय." आणि हसला. कितीतरी दिवसांनी.

आता चाळीत कुणाच्या झाडाला काही झालं की भावेशला हाक येते. मागच्या आठवड्यात तो स्वतः जाऊन साहेबांशी बोलला. आता कंपनीच्याच स्टोअरमध्ये कामाला लागलाय.

लग्नाआधी तू विचारलं होतंस, "कंपनीतला माणूस, उद्या हातपाय गेले तर काय करशील?" आज सांगते, आई. मी माणूस बरोबर निवडला.

रविवारी ये. भावेश बोईसर स्टेशनवर येईल. तुझी पिशवी घ्यायला तो उजवाच हात पुढे करील. तू खुशाल दे.

मान वर करून चालणारी तुझी लेक,
तेजल