गुंदचा अंदाज

आप्पा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण जिवंत माणसाला हे सांगायची माझी छाती होत नाही.

रामनगरात एका संस्थेच्या कचेरीत मी कॉम्प्युटर सांभाळते. जंगलातल्या जमिनी कसणाऱ्यांचे दावे आम्ही तयार करतो. चार गावांत एकेक मशीन आहे. त्यात दिवसभरात जे नवं भरलं किंवा बदललं, तेवढंच संध्याकाळी नेटवरून माझ्याकडच्या डिस्कवर उतरतं. याला बॅकअप म्हणतात. एका घरचं बियाणं गेलं तर दुसऱ्या घरी असावं, तसं. उतरण्याआधी आज किती येणार याचा अंदाज निघतो आणि तेवढी जागा राखली जाते. हा अंदाज गावच्या मशीनला सगळ्या फायली तपासायला लावून काढता येतो, पण ती जुनी मशीनं त्याला तासभर घेतात आणि माझी साडेसहाची बस चुकते. म्हणून मी दुसरी सोय लावली, मागच्या दिवसांवरून ठोकताळा. दोन वर्षं तो बरोबर येत गेला आणि मी स्वतःला हुशार समजत गेले.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी आपल्या गुंद गावचं केंद्र चालवणाऱ्या अक्कानं नऊ म्हाताऱ्यांच्या साक्षींचे व्हिडिओ फोनवरून मशीनमध्ये घातले. ठोकताळ्याला त्याचं काय? त्यानं रोजच्यासारखी चार पत्रांपुरती जागा धरली, ती भरली आणि काम मध्येच थांबलं. शुक्रवारी सकाळच्या अहवालात गुंदपुढं 'अपूर्ण' लिहून आलं होतं. तो अहवाल मी उघडलाच नाही. दुपारी अक्काचा फोन, फोनमधली जागा संपलीय, व्हिडिओ पुसू का म्हणून.

"सगळं पोचलंय न्हवं? बघितलंस तू?"

"व्हय अक्का, बघितलं."

तिनं फोनमधले व्हिडिओ पुसले. त्या संध्याकाळीही जागा अपुरी पडून काम मध्येच थांबलं. शनिवारी वीज पडली, मशीन जळालं. बेळगावच्या दुरुस्तीवाल्यानं हात टेकले.

आठ म्हाताऱ्यांना पुन्हा बोलतं करता येईल. नववे म्हणजे आपल्या बांधाला लागून नाचणी पेरणारे तुमचे शेजारी. ते दहा दिवसांपूर्वी गेले. आपल्या वरच्या वाड्याची जमीन कुणी, केव्हापासून कसली, हे डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच एक माणूस उरलं होतं. त्यांनी साक्षीत तुमचंही नाव घेतलं होतं म्हणे. सोमवारी जोयड्यात सुनावणी आहे. वाड्यातली माणसं रिकाम्या हातांनी उभी राहणार, आणि मी काय करू, आप्पा?

काल अक्का कचेरीत आली. मी वाट बघत होते की ती शिव्या घालेल. तिनं नुसतं पाणी मागितलं आणि म्हणाली, "तू बघितलं व्हतंस म्हंजे ह्ये विजेचंच काम. कुणाला बोल लावायचा?" मी मान हलवली. होय, मी मान हलवली.

तेव्हापासून आपलं खळं डोळ्यांसमोरून हलत नाही. मी दहा-अकरा वर्षांची. आभाळ भरून आलंय, तुम्ही पोती मागायला खालच्या वाड्यात निघालाय आणि मला सांगताय, खळं मधी खचलंय, रास दिसती त्यापेक्षा खोल हाय, काठी घालून बघ आणि किती लागतील सांग. मी येऊन सांगते, बारा. बारा पोती भरतात आणि भात उरतंच. मग पाऊस येतो. उरलेल्या भाताला चार दिवसांत मोड फुटतात आणि आई त्याच्याकडं बघत उंबऱ्यात बसून राहते. तुम्ही मला एवढंच विचारलं होतं, "काठी घातलीस न्हवं?" मी व्हय म्हटलं. "मग माझंच खळं मला कळलं न्हाई," असं म्हणून तुम्ही भिजलेलं भात पसरायला गेलात. पुढं मरेपर्यंत तुम्ही रास मोजायला काकांना बोलवायचात.

अक्काला लिहायला म्हणून तीनदा बसले, पहिल्या ओळीपुढं जात नाही. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिता आलं. आप्पा, मी काठी घातली नव्हती. काठी गोठ्यात होती आणि मला तिथवर जायचा कंटाळा आला होता.