धुतलेली बाटली

चिरंजीव भुजंगास आष्टीहून आईचा आशीर्वाद.

हे पत्र धाडायची हिंमत न्हाई, तरी लिहिते. तुझ्या बायकोला, सगुणाला, ताप आल्ता. कंपाउंडरनं दोन बाटल्या दिल्या. म्हणला, "उर्दू चिठ्ठीवाली सुनेला पाजा, बिनचिठ्ठीची तुमच्या गुडघ्याला चोळा." परक्या हातची वस्तू मी धुतल्याबिगर घरात घेत न्हाई. धुताना चिठ्ठी निघून गेली. मंग अंदाजानं एक पाजली.

"आत्याबाई, लई जळतंय."

"दवा हाय, बासुंदी न्हाई. गिळ."

घसा पार भाजला तिचा. डाक्टर म्हणतो, "चोळायच्या दवेत काय होतं, ते कळल्याबिगर उतारा कसा देऊ?" कंपाउंडर म्हणतो, याद न्हाई.

आता मी नुस्तं पाणी नेलं, तरी तुझी पोरगी आधी स्वतः चाखती, मंग आईला पाजती. मला तिला रागावता येईना.

तुझी आई,
गोजरबाई