बचावफळीतले दोघे

धुळे, १८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
नवलचा सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला. तुझ्या मागच्या दोन्ही फोनांत ललित, ललित आणि ललितच होता. आपला मामेभाऊ स्वित्झर्लंडमध्ये फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच झाला, तुमच्या बठ्ठ्या पिंप्राळ्यात घरोघर पेढे वाटून झाले, आता पुरे. चोपड्याला मामाकडे सुट्टीत आम्ही दोघंही बॅकच खेळायचो. पाइपांच्या कंपनीने मामाला तिकडे नेलं, म्हणून हा तिथल्या बचावफळीत खेळून कॅप्टन झाला. मी जिल्ह्याकडून खेळलो आणि शाळेत पीटीचा सर झालो. माझ्या शाळेच्या मुली फायनलला गेल्यात, हे तू विचारलंस तरी का?

रत्ना बरी आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
नवल

जळगाव, २३ डिसेंबर

चि. नवल यास
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे हसले. म्हणाले, मेहुण्याच्या कागदाला करपल्याचा वास येतोय. मुलींचं विचारायचं राहिलं, चुकलंच माझं. पण ललित दर फोनला आधी तुझी चौकशी करतो आणि तू 'कामात आहे' असं सांगायला लावतोस. त्याचं तिकडे बरं चाललेलं नाही रे. संघ सारखा हरतोय, तिथले पेपर याला काढा म्हणतात. थंडीमुळे सध्या सामने बंद आहेत, म्हणून आठवडाभरात इकडे येतोय. तुला भेटायला धुळ्याला येईल, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

रत्नाला मसाला पाठवते. जीव लावून राहा.

तुझी,
हेमलताअक्का

धुळे, ३१ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, त्याचा संघ हरतोय हे वाचून मला भूक लागली. रत्नाकडे भजी मागितली, तर तिने विचारलं, आज कोणता सण?

काल ललित आला. मैदानात पाय ठेवताच मुलींचा त्याला गराडा. मोहिनी ही माझी बचावातली सगळ्यात भरवशाची पोरगी. तिला मी कधीपासून सांगतोय की समोरचीचे पाय बघू नको, चेंडू बघ. त्याने तेच सांगितलं, तर हिने अशी मान हलवली की जणू आकाशवाणीच झाली. माझ्या पोटात दुखलं.

सराव संपल्यावर टपरीवर चहा घेताना त्याने सांगितलं, की धुळ्याला येताना बसमध्येच क्लबचा फोन आला. त्याला काढून टाकलं. तरी तो येऊन माझ्या मुलींना शिकवत होता. मग विचारलं, फायनलला तुझ्या बाकावर बसू का, नुसतं पाणी देईन. मी नाही म्हटलं. जिंकलो तर नाव तुझं होईल, हेही तोंडावर बोललो, अक्का. त्याने चहा संपवला आणि जळगावची बस धरली.

रागावू नकोस.

तुझा,
नवल

जळगाव, ४ जानेवारी २०२५

चि. नवल यास
आशीर्वाद.

नोकरी गेल्याचं ललितने मला सांगितलं नव्हतं, तुझ्या पत्रातून कळलं. गच्चीवर एकटाच बसून असतो. उद्या तो सामन्याला येणार, लांब पायऱ्यांवर बसेन म्हणतो. हे पत्र त्याच्याच हाती देते. बाकावर नको घेऊ, पण घरी जेवायला तरी ने. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
अक्का

धुळे, ६ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हरलो. हाफटाइमला एका गोलने मागे होतो. मोहिनीने हट्ट धरला की ललितसरांना बोलवा. मी ओठ चावत पायऱ्यांपर्यंत गेलो. तो उठलाच नाही. म्हणाला, शेवटी शेवटी क्लबच्या मालकाने माझ्या खेळाडूंशी बोलायला दुसराच माणूस पाठवला आणि मी गप्प बाजूला उभा राहिलो. त्यानंतर एकानेही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मुली तुझ्या आहेत, तूच बोल. मग मीच जाऊन मुलींशी बोललो. पोरी जीव तोडून खेळल्या, पण बरोबरीचा गोल झाला नाही.

शिट्टी वाजली आणि सगळ्या रडत माझ्यावर येऊन आदळल्या. मोहिनीने माझा शर्ट पार भिजवला. त्यांच्या डोक्यांवरून पाहिलं, तर ललित कुंपणाशी उभा. ती नजर मी ओळखली, अक्का. इतकी वर्षं दाढी करताना आरशात तीच बघतोय.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मीच हाक मारली आणि चेंडूंची पिशवी त्याच्या खांद्यावर दिली.

आजच्या पेपरात फोटो त्याचा आहे, माझं नावही नाही. सकाळी पुन्हा जळलो. हा शेजारी बसून रत्नाच्या हातचं खातोय आणि उद्या सरावाला किती वाजता निघायचं, विचारतोय. मी अजून सांगितलेलं नाही. बहुतेक सांगेन.

तुझ्या मायेतली थोडी त्याला दिलीस तरी चालेल. माझ्या वाट्यातून मात्र काढू नकोस.

तुझा,
नवल