जाडी की बारकी

१२ जानेवारी, रविवार

आलिया आली! जीपच्या मागे दोन भल्यामोठ्या पिशव्या, त्यात दोन शिडं. तिच्या अम्मीला, मुमताजला वाटलं, पोरीने गाद्या आणल्या.

आलियाने नौदलात सहा वर्षं शिडाच्या बोटी चालवल्या, मग नोकरी सोडून मुंबईत लोकांना तेच शिकवू लागली. आता ती आणि हारिस, म्हणजे आमचे जावई, जुनी यॉट घेऊन तिच्यावरच राहणार. दोन वर्षं! हिवाळ्यात शर्यती, एरवी किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीन, मग अंदमान. नगरला समुद्र नाही, म्हणून इतकी वर्षं आम्ही सुखात होतो.

दोन बोटी पसंत आहेत. फोटो बघून मुमताजने लगेच नावं पाडली — जाडी आणि बारकी. जाडी म्हणजे घरच: उभं राहून स्वयंपाक, दोन खोल्या, पाण्याची मोठी टाकी. चाल मात्र म्हशीची. बारकीने शर्यती जिंकल्यात, पण झोपायचं कपाटाच्या खणात! लाकूड-लोखंड दोन्हींचं उत्तम म्हणे. राहिली शिडं.

"जिचं शीड अब्बा पास करतील ती घ्यायची," आलिया म्हणाली.

चाळीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवतोय. जुनी ताडपत्री आली की शिवणीला आधी नख लावून बघतो. कुजलेला दोरा लगेच कळतो. पण शीड? छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

१३ जानेवारी

दुकानात शीड मावेना. नागापूरला ओळखीच्या कारखान्याची रिकामी शेड मिळाली. चपला बाहेर काढून दोन्ही शिडं अंथरली. आलिया दारात उभी, हारिसशी फोनवर.

जाडीचं शीड उन्हाने खाल्लंय. नख लावलं आणि हातभर शिवण उकलली. आणि बारकीचं — वा! नागमोडी टाक्याच्या तीन ओळी, कोपऱ्यांना चामडं, तेही हाताने शिवलेलं. कोण कारागीर असेल, त्याला सलाम. गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत राहिलो.

फोन ठेवून आलिया आली. "मग, अब्बा?"

"जाडी घे. थोडी दुरुस्ती आहे, मी करून देतो. बारकीची शिवण कुजलीय."

सरळ खोटं बोललो. पोटच्या पोरीशी! बारकी घेतली तर महिन्याभरात निघतील. जाडीचं शीड दुरुस्त करायला मी सहा महिने लावीन. सहा महिने पोरगी दर रविवारी इथे.

"बरं, अब्बा," एवढंच म्हणाली.

१४ जानेवारी

सकाळी गेली. बारकीचं शीड परत नेलं, जाडीचं माझ्याकडे ठेवलं. शेजारच्या रोहिणीवहिनी तिळगूळ देऊन गेल्या. गोड बोला म्हणे! कालच बोललो की.

१९ जानेवारी, रविवार

मुमताजने आज गंमत केली. आलियाने मापं लिहून दिली होती, ती घेऊन माझ्याच खडूने दुकानाच्या फरशीवर दोन्ही बोटींची स्वयंपाकघरं आखली. आधी जाडीच्या चौकटीत उभी राहिली, हात पसरले, खूश! मग बारकीच्या चौकटीत शिरली. पाठ एका रेषेला, हात दुसऱ्या रेषेला.

मी म्हटलं, "बघ, वळता तरी येतं का?"

"वळायचं कशाला? बोट हलणार ना? जाडीत हलली की मी या भिंतीवरून त्या भिंतीवर. इथे आपोआप टेकून उभी. एक थेंब सांडणार नाही."

आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही, आणि मला शिकवते! खरं म्हणजे बरोबर बोलली. म्हणून जास्त राग आला. फरशी पुसून टाकली.

२४ जानेवारी

पुणतांब्याचे सहादू आले, टेम्पोची ताडपत्री न्यायला. जाडीचं शीड बघून विचारलं, "ह्ये येवढं कशाचं, चाचा?" सांगितलं. आलियाला त्यांनी लहानपणापासून बघितलंय.

"लई धाडसाची पोरगी! पर बापानं पास केलंय म्हनल्यावर काय काळजी न्हाई. मागल्या साली मी नवी मागत हुतो, तर तुमीच म्हनला, जुनी आजून दोन वर्सं जाईल. तुमी खोटं बोलायचे न्हाई."

व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

३१ जानेवारी

शिवतोय. मुद्दाम सावकाश.

२ फेब्रुवारी, रविवार

आज धडकी भरली. जाडीच्या शिडाची आठ हात शिवण नवी झाली म्हणून दोन बाजूंनी ताणून बघितली. माझा टाका धरला, पण शेजारचं कापडच टर्रकन फाटलं! दोराच नाही, कापडसुद्धा मेलंय. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. खोटं बोलायच्या घाईत मी कापड नीट तपासलंच नाही.

हे शीड लावून पोरगी भर समुद्रात असती तर? आणि पास कोणी केलं? बापाने!

मुमताजला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. तिने फक्त फोन आणून हातात दिला.

"आलिया, मी खोटं बोललो. बारकीचं शीड एक नंबर आहे. जाडी घेऊ नकोस. तू जाऊ नयेस म्हणून बोललो, बेटा."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "रविवारी येते, अब्बा." रागावली असेल. रागावू दे. जिवंत राहून रागावू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

आली. गळ्यात पडली. मग खरेदीचा कागद पुढे केला — बारकीचा! तारीख १५ जानेवारी. इथून गेली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची!

"मी तर जाडी सांगितली होती!"

"तोंडाने. मी दारातून बघत होते, अब्बा. खराब शिवणीला तुम्ही नख लावता. बारकीच्या शिडावरून तुम्ही तळहात फिरवत होतात."

"मग तीन आठवडे गप्प का बसलीस?"

"तुम्ही जा म्हणायची वाट बघत होते."