रिकाम्या ट्रेडमिलचे एकशे चौसष्ट ठोके

तीर्थस्वरूप आत्यास,

दीड हात जोडून नमस्कार. (उरलेल्या अर्ध्या हातात स्टॉपवॉच आहे. ते खाली ठेवलं की आमच्या लॅबच्या मॅडम ओरडतात.) तुझी तब्येत मुद्दामच विचारत नाही. फोनवर विचारली की तू "मला काय धाड भरलीय" म्हणतेस आणि उलट माझ्याच जेवणाची चौकशी सुरू करतेस. बाबांकडून मात्र सगळं कळतं. हार्ट अटॅक येऊन चार महिने झाले, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि तू खिडकीजवळच्या खुर्चीतून अख्ख्या घराचा कारभार हाकतेस पण दाराबाहेर पाऊल टाकत नाहीस. चाललं की छातीत धडधडतं, म्हणून चालायचंच नाही, असा तुझा उपाय. उपाय बिनतोड आहे. गॅरेजमधून बाहेरच न काढलेली गाडी कधी पंक्चर होत नाही.

पण मी उपदेश करायला बसलेलो नाही. माझ्या व्यायामशास्त्राच्या अभ्यासाची खबरबात द्यायला बसलोय, कारण तू शेजारणीला सांगतेस की आमचा भाचा पीटीचा मास्तर होतोय. तसं नाही गं. पीटीचा मास्तर नुसता पळवतो. आम्ही पळवतो आणि वर पळणाऱ्याच्या तोंडाला मास्क, छातीला पट्टा आणि बोटाला सुई लावून त्याच्या आत काय चाललंय ते लिहून घेतो. सकाळी आमच्याकडे खेळाडू येतात, त्यांना शर्यतीतला अर्धा सेकंद कमी करायचा असतो. अकरा वाजता हृदयरोगी येतात, त्यांना न थांबता जिना चढायचा असतो. यंत्रं तीच, खोली तीच, फक्त अकराच्या आधी आम्ही "अजून जोरात" म्हणतो आणि अकरानंतर "सावकाश". (एकदा घड्याळ न बघता मी एका निवृत्त बसचालकांना "अजून जोरात" म्हणालो. तीस वर्षं मागच्या सीटवरून हेच ऐकलेला माणूस. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.)

तर गेल्या मंगळवारी आमच्याकडे एक धावपटू आला. त्याला सगळे चित्ता म्हणतात. चार दिवसांनी त्याची मोठी स्पर्धा, म्हणून मॅडमनी त्याची चाचणी ठेवली आणि पहिल्यांदाच ती माझ्यावर सोपवली. छातीचा पट्टा कसा बांधायचा ते मी आधी स्वतःला बांधून दाखवलं. मग त्याला दुसरा पट्टा दिला, ट्रेडमिल सुरू केली आणि पडद्याकडे पाहिलं. चित्ता नुसता उभा होता आणि पडदा एकशे अठरा ठोके दाखवत होता. चालायला लागला तर एकशे चाळीस. मी वही घेऊन यंत्राच्या या बाजूने त्या बाजूला धावत होतो, नळी धरत होतो, बोटातून रक्त घेत होतो (पहिल्या खेपेला माझ्याच), आणि आकडा चढत होता. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या तसा तो एकशे एकाहत्तर झाला. "हा घाबरलाय का?" त्यांनी विचारलं. चित्त्याच्या तोंडाला मास्क, त्यामुळे त्याने अंगठा वर करून दाखवला. मॅडमना वाटलं, शेवटची खूण करतोय. त्यांनी ट्रेडमिल बंद केली आणि त्याला तडक शेजारच्या खोलीत ईसीजीला पाठवलं.

पुढची पंधरा मिनिटं तुझ्या काळजाला सोसणार नाहीत म्हणून थोडक्यात सांगतो. चित्त्याचे प्रशिक्षक आले आणि "माझ्या पोराला केलंत काय?" म्हणून मॅडमवर कडाडले. मॅडम माझ्यावर कडाडल्या. माझ्या खाली कोणी नसल्याने मी वहीची पानं उलटत राहिलो. तेवढ्यात ईसीजी आला. स्वच्छ. ठोके सेहेचाळीस, म्हणजे माणूस जवळपास झोपलेला. मॅडमनी कागद पाहिला, मग पडदा पाहिला. ट्रेडमिल रिकामी होती. पडद्यावर एकशे चौसष्ट होते.

"शर्ट वर कर," मॅडम मला म्हणाल्या.

केला. पट्टा माझ्या छातीवरच होता. (हा पट्टा आतून ओला केल्याशिवाय त्याला ठोके कळत नाहीत. चित्त्याचा मी ओला करायला विसरलो होतो. माझा घामाने आपोआप झाला होता.) प्रशिक्षक हसत खाली बसले. मॅडम हसल्या नाहीत. "वय किती तुझं?" "तेवीस." "ते कागदावरचं झालं," असं म्हणून त्यांनी मलाच ट्रेडमिलवर चढवलं. निकाल काय लागला ते लिहीत नाही, तू बाबांना रागावशील. एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवसापासून मला अकराच्या तुकडीत घातलंय. मला आजार कुठलाच नाही. मॅडमच्या मते, मी फक्त लवकर आलोय.

इथे एका लांब बोळात सहा मिनिटं चालायचं असतं. किती अंतर झालं ते मोजतात. काल बसचालकांनी मला अकरा मीटरने मागे टाकलं, तेही दर फेरीला वळणावर सवयीने डावीउजवीकडे बघत. तीन महिन्यांपूर्वी हे गृहस्थ पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये खुर्ची ठेवायचे. पहिल्या दिवशी म्हणे दारातच चौकट धरून उभे होते, छातीत धडधडतंय म्हणून. मॅडम म्हणाल्या, "धडधडणारच. हृदय चालू आहे याचा पुरावा काय मग?" आणि त्यांचा हात धरून पहिली फेरी मारली. आता ते मला दम देतात, "चला साहेब, मागची गाडी हॉर्न देतेय."

बाकी सर्व क्षेम. जेवतो वेळेवर.

तुझा,
(कागदावर तेवीस वर्षांचा) भाचा

ता. क. १ – या तुकडीत प्रत्येकाने घरचं एक माणूस सोबत आणायचं, असा नियम आहे. सगळ्यांचं कोणी ना कोणी येतं, मी एकटाच असतो आणि फार कसंतरी वाटतं. तू येशील का? नुसतं बाकावर बसायचं.

ता. क. २ – नियम आहे, पण यादीत पेशंट म्हणून नाव तुझं आहे आणि घरचं माणूस म्हणून माझं. बुधवारीच घातलं. तुझे रिपोर्ट मॅडमनी वाचलेत, तुझ्या डॉक्टरांशी बोलल्यात, दोघांचीही हरकत नाही. हरकत घेणारी तू एकटीच उरलीस. आत्या, तुला भीती वाटते हे मला माहीत आहे. मलाही वाटते. माझे तर आकडेच छापून आलेत.

ता. क. ३ – हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते तुझ्या हातात देऊन तुझा धाकटा भाऊ आत्ता समोर अवघडून बसला असेल आणि भिंतीकडे बघत असेल. गाडी खाली उभी आहे, किल्ली त्याच्या मुठीत आहे. त्याला चहा विचारू नकोस, तो हो म्हणेल आणि अकराची वेळ चुकेल. जिन्याला बारा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीवर थांबलीस तरी चालेल, त्याला तसं सांगून ठेवलंय.