राखाडीतली फट

प्रिय धाकटे,

आई गेल्याचं तुला उशिरा कळवलं, त्याचा राग असेलच. तो असू दे, कारण अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला मला धीर होत नाहीये. आधी ब्लँकेटचं सांगते.

शेवटची दोन वर्षं आई एकच ब्लँकेट विणत होती. चौकटीच्या कागदावर तिनं आम्हा तिघांचं चित्र काढलं होतं. बाबा निळे, ती हिरवी, मी पिवळी, मागे सगळं राखाडी. तू घर सोडून गेल्यापासून तुझं नावही ती काढत नसे, मग चित्रात कुठून येणार? प्रत्येक रंगाच्या लोकरीचा गुंडा वेगळा, आणि दोन रंग भेटतात तिथे मागून धाग्यांना पीळ द्यायचा, नाहीतर फट पडते, हे तिनं आपल्याला किती वेळा बजावलं असेल. तुझं लक्ष होतं कुठे म्हणा, सुयांपेक्षा तोंडच जास्त चालायचं.

उरलेलं मी विणायला घेतलं, तर चित्रातल्या माझ्या शेजारच्या राखाडीत बोट आरपार गेलं. आईचा पीळ चुकला? मग नीट पाहिलं. राखाडीतच राखाडीचा वेगळा गुंडा लावून तिनं एक मुलगी विणली होती आणि कडेला कुठेच पीळ दिला नव्हता. पायापासून गळ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुटी. खांद्यावर बॅग. गळ्याचे टाके अजून सुईवरच.

मी फट शिवली. सकाळी ती उघडी, आणि दोरा नीट गुंडाळून बाजूला ठेवलेला, आई ठेवायची तसा. चार वेळा शिवली, चार वेळा तेच. खिडक्या बंद असल्या तरी ती मुलगी हलते. परवा भर दुपारी ब्लँकेट मांडीवर घेऊन मी फटीत हात घातला. पलीकडे माझीच मांडी लागायला हवी होती. लागली ती बोटं, तर्जनीवर आईसारखाच सुईनं पडलेला घट्टा असलेली. तळवा उघडा होता, काहीतरी मागत असल्यासारखा.

काय ते मला माहीत होतं. तुझी नऊ पत्रं आली होती, ती सगळी मी दडवली. आईबाबांचं सगळं मी करायचं आणि चार ओळी लिहून तू पुन्हा लाडकी व्हायचंस, हे मला सोसवलं नसतं. पोरीनं एक अक्षर लिहिलं नाही, असं म्हणत आई गेली, तेव्हा मी उशाशीच बसले होते. आज ती पत्रं एकेक करून फटीतून आत दिली. एकही मांडीवर पडलं नाही. पण नवव्यानंतरही तो हात उघडाच आहे. आता तिला पत्र नकोय गं. तू ये.

तुझीच म्हणवून घ्यायला तोंड उरलं असेल, तर तुझीच,
ताई