पॅसेजमधल्या बोर्डावरचा लाल ठिपका

मी, या घराची मालकीण आणि घराघरांत वायफाय पोहोचवण्याचा धंदा करण्यात जन्म घालवलेली बाई, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही कानाशी न लागता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. राग शाबूत असल्याचा दाखला कोणी मागितला नाही, तो मीच देते.

वकिलांनी आधी एक मसुदा करून दिला होता. त्यात 'सदरहू' फार होतं आणि मी कुठेच नव्हते. म्हणून कायद्याला लागेल तेवढं त्यांचं ठेवून बाकीचं मी लिहिलं आहे. याआधीचं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं. मला वारस दोन, एक चिरंजीव, तो माझ्याजवळ राहतो, आणि एक लेक, ती परगावी शाळेत शिकवते. माझे यजमान हयात नाहीत. त्यांच्याबद्दल कलम पाचमध्ये येईल.

कलम १. घर. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, लांबट पॅसेज आणि टोकाला मागची खोली, असं हे राहतं घर आम्हा दोघांच्या कष्टाचं असून आज माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी पूर्णपणे माझ्या लेकीला देत आहे. चिरंजीवाचा त्यात हिस्सा नाही. कारण पुढे लिहिलं आहे, तोवर त्याने बसून राहावं. बसून राहायची त्याला सवय आहे.

कलम २. धंदा. दुकानाचं नाव, पाटी आणि गिऱ्हाईक आता माझ्याकडे नाहीत, ते माझ्या दिरांनी आधीच नेलं आहे. भाऊजी धंद्यात आमचे भागीदार होते. लोकांची तक्रार एकच असते, 'आतल्या खोलीत नेट येत नाही.' मी जाऊन बघायची. कोणी राउटर लोखंडी कपाटात ठेवलेला, कोणी माशांच्या टाकीमागे, एका दवाखान्यात तर आरशाच्या मागे, तो वाईट दिसतो म्हणून. तिथून उचलून घराच्या मध्यावर उंच ठेवला की निम्मं दुखणं बरं व्हायचं, आणि त्याचे पैसे मागायला मला लाज वाटायची. भाऊजींना वाटायची नाही. ते कोणाच्या घरी न जाता फोनवरूनच उंटावरून शेळ्या हाकायचे, "अहो, मोठी पेटी घ्या, चार काड्यांची." काड्या म्हणजे राउटरच्या अँटेना. चार काड्यांनी भागलं नाही की सहा काड्यांची. एका ऑफिसात त्यांनी रेंज वाढवायच्या इतक्या पेट्या लावल्या की त्या एकमेकींवरच ओरडत होत्या आणि माणसांना काही ऐकू जात नव्हतं. मी हे गिऱ्हाइकासमोर बोलले, म्हणून मी भांडकुदळ ठरले. माझे यजमान आजारी पडल्यावर भाऊजींनी पाटी उतरवून नेली. माळ्यावर त्यांच्याच काळातली, कशालाही न जोडता येणारी काड्यांची एक खोकाभर अडगळ आहे. ती मी भाऊजींना देते. त्यांनी ती प्रेमाने सांभाळावी.

कलम ३. हत्यारं. शिडी, ड्रिल, केबलच्या टोकाला क्लिप बसवायचा चिमटा आणि माझी झोळी, हे सगळं माझ्याबरोबर वायरिंगची कामं करणाऱ्या बाईला द्यावं. तिला मी शिकवलेल्या दोन गोष्टी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे ती विसरणार नाही. एक, सिग्नल मोजताना दारं लावून घ्यायची. लोक दारं सताड उघडून दाखवतात आणि म्हणतात, बघा, येतो की सिग्नल. घर जसं राहतं तसं मोजायचं, माणूस जिथे पडतो तिथे बसून. दुसरी, निघण्याआधी प्लगवर आणि त्याच्या सॉकेटवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगायचं, की हा इथला, हा काढायचा नाही, काढलाच तर ठिपक्याला ठिपका. इस्त्री लावायला, मोबाइल चार्ज करायला लोक हाताला येईल तो प्लग उपटतात आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या निम्म्या फेऱ्या त्या ठिपक्याने वाचल्या. नेलपॉलिशची बाटली झोळीतच आहे. मी ती नखांना कधी लावली नाही.

कलम ४. बँकेत जे असेल ते माझं क्रियाकर्म उरकून लेकीला द्यावं. बांगड्याही तिलाच. शिलाई मशीन समोरच्या वहिनींना, त्यांनी कधीचं मागितलं होतं.

कलम ५. कारण.

आमचे हे शेवटचं वर्ष मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. त्या खोलीला तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती आहेत, मोबाइलची रेंज तिथे कधीच नव्हती. मी कामाला बाहेर पडल्यावर यांना मला हाक मारता यावी म्हणून हॉलमधल्या राउटरपासून केबल ओढून पॅसेजच्या भिंतीवर एक पेटी बसवली. तिच्या जोरावर यांचा फोन वायफायवरून लागायचा. उभ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं काम केलेलं नाही. दार लावून, यांच्या उशीशी डोकं ठेवून मी सिग्नल मोजला होता. हे म्हणाले, "अगं, मी काय गिऱ्हाईक आहे का?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक पैसे देतं."

पॅसेजच्या बोर्डावर दोन सॉकेट आहेत. वरचं कायम चालू असतं. खालचं पॅसेजच्या दिव्याच्या बटणावर आहे, म्हणजे दिवा बंद की तेही बंद. पेटीचा प्लग अर्थात वरच्या सॉकेटला होता. त्यावर ठिपका, सॉकेटवर ठिपका. चिरंजीवाला उभं करून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "आई, मी काय लहान आहे?"

त्या दुपारी मी कोपऱ्यावरच्या हिशेबनीसांच्या ऑफिसात होते. घरी चिरंजीवाचे मित्र मॅच बघायला आले होते. त्यांनी मोठा स्पीकर आणला. हॉलमधली सॉकेटं भरलेली, म्हणून स्पीकरची वायर पॅसेजपर्यंत नेली आणि पेटीचा प्लग काढून तिथे स्पीकर लावला. मॅच संपली, मित्र गेले, स्पीकर गेला. चिरंजीवाने प्लग परत लावला तो न बघता खालच्या सॉकेटला. मग तो यांच्या खोलीत गेला.

चिरंजीवाचा फोन आला तसं हिशेबनीसांनी मला स्वतःच्या गाडीवर घरी आणून सोडलं. डॉक्टर माझ्याआधी पोहोचले होते. ते म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं तर." डॉक्टर हे वाक्य सगळ्यांनाच म्हणत असतील, पण मला ते खरं वाटलं. यांचा श्वास अडकला होता. आवाज मुळातच बारीक झालेला, बाहेर स्पीकर. हातात फोन होता आणि त्यावर माझ्याच नावाचे, न लागलेले फोन.

पॅसेजमध्ये अंधार होता. लोकांना यायला-जायला दिसावं म्हणून मी दिव्याचं बटण दाबलं, आणि भिंतीवरची मेलेली पेटी लुकलुकायला लागली. मी तिथेच उभी राहिले. ती पूर्ण सुरू झाली तशी आत यांच्या हातातल्या फोनला वाट मिळाली, आणि माझा फोन वाजला. यांचा निरोप होता. 'लवकर ये.'

मी बोर्डाकडे पाहिलं. लाल ठिपक्याचा प्लग खालच्या सॉकेटमध्ये होता आणि वरच्या सॉकेटचा ठिपका उघडा पडला होता. चिरंजीव माझ्या मागे उभा होता. तो रडत होता, खरंच रडत होता. म्हणाला, "आई, नेट गेलं होतं. कंपनीचंच गेलं होतं." त्याच कंपनीचं नेट समोरच्या वहिनींकडे अखंड चालू होतं, त्यांनी मला नंतर न विचारता सांगितलं. आणि मॅचसुद्धा नेटवरच चालली होती. दुसऱ्यांच्या घरांतले बिघाड शोधून ज्या बाईने पोट भरलं तिला तिच्याच पोरानं हे सांगावं.

प्लग काढला म्हणून मी त्याला घराबाहेर काढत नाही. प्लग सगळेच काढतात. तो बापाची दाढी रोज करायचा, पाय चेपायचा, हे मी नाकारत नाही. चूक मी त्याच दिवशी पोटात घातली असती. पण त्या खोट्याचं ओझं त्याने बहिणीच्या डोक्यावर ठेवलं. त्या कंपनीचं कनेक्शन लेकीने निवडलं होतं. तेव्हापासून ती म्हणते, "मी दुसरी कंपनी घेतली असती तर बाबा असते." मी तिला सांगितलं की कनेक्शनमध्ये दोष नव्हता. ती म्हणते, "आई, तू माझी समजूत काढतेस." सुट्टीत घरी आली की हे ती भावासमोर बोलते आणि तो मान खाली घालून जेवतो. मला त्याचा राग येतो तो तिथे.

कलम ६. मागच्या खोलीतला बिघाड. यांच्यानंतर चिरंजीवाने त्या खोलीत आपलं टेबल मांडलं आणि तिथूनच तो ऑफिसचं काम करतो. प्लग मी हलवला नाही. त्यामुळे पॅसेजचा दिवा चालू असला की खोलीत नेट येतं आणि बंद केला की जातं. त्याने दोनदा कंपनीची माणसं बोलावली, नवा राउटर आणला, काकांकडून सहा काड्यांची पेटी आणली. जेवताना म्हणतो, "आई, तू एवढी जगाची दुरुस्ती करतेस, जरा बघ ना. येतं काय, जातं काय." दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तो अंधार बटणावर आहे. मी त्याला एकच सांगते, "जिथून तुटलं असेल तिथून बघत ये." तो सगळीकडे बघतो. त्या बोर्डाकडे मात्र त्याची नजर जात नाही. न दिसणं आणि न बघणं यातला फरक मला माझ्या धंद्याने शिकवला आहे.

कलम ७. हे मृत्युपत्र मी जिवंत असेपर्यंत बदलू शकते. वकिलांकडे दुसरा एक कागद तयार आहे. त्यात घर दोघांना अर्धं अर्धं आहे आणि माझी सही तेवढी नाही. चिरंजीवाने बहिणीला स्वतःहून एवढं म्हणावं, की 'ताई, तुझं कनेक्शन चांगलं होतं, प्लग मी काढला होता.' त्याच दिवशी मी जाऊन सही करीन, चपला पायात अडकवायलाही थांबणार नाही. रोज सकाळी चहा देताना मी त्याला विचारते, "काही बोलायचंय का रे?" तो म्हणतो, "नेटचं बघ."

हा कागद वाचला जात असेल तर त्याने ते म्हटलं नाही, असं समजावं.

कलम ८. चिरंजीवाला मी ती पॅसेजमधली पेटी देते, तिच्या केबलसकट आणि प्लगसकट. मागच्या खोलीतला बिघाड काय आहे ते त्याला आता कळलं आहे. दुरुस्तीला हत्यार लागत नाही.

कलम ९. वाचन कसं करावं. वकिलांनी हा कागद मागच्या खोलीतच वाचावा. लेक इतक्या लांबून लगेच येऊ शकली नाही तर ती फोनवर असावी, समोर चेहरा दिसेल असा. पॅसेजचा दिवा आधी लावून घ्यावा. खोलीचं दार लावून घ्यावं. वाचून झाल्यावर वकिलांनी आणि साक्षीदारांनी निघून जावं आणि जाताना सवयीप्रमाणे पॅसेजचा दिवा बंद करावा.

फोन तुटेल. मग चिरंजीवाने उठावं, प्लग ठिपक्याला ठिपका लावावा, आणि बहिणीला स्वतः फोन करावा.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचून पाहिलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. त्यांना या कागदातून काही मिळायचं नाही, म्हणून शिलाई मशीन वहिनींना कालच पोहोचतं केलं आहे आणि कलम चारमधली ती ओळ वाया गेली आहे. खाडाखोड नको म्हणून तशीच ठेवते.

सही: घरमालकीण

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरच्या ऑफिसातले हिशेबनीस, ज्यांच्याकडे त्या दुपारी माझ्या फोनला रेंज पूर्ण होती. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या वहिनी, ज्यांच्याकडे त्या दुपारी नेट चालू होतं. (सही)

ठिकाण: राहतं घर, पॅसेज, दिव्याखाली.

दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच. यांना जाऊन आज तीन वर्षं झाली. चिरंजीव सकाळपासून मागच्या खोलीत बसून कंपनीला फोन लावतो आहे.